आधी सुकं हलवायचं

२४ नोव्हेंबर २०२४, रविवार

आज आमच्या घरात जिनची बाटली आली. हे वाक्य लिहितानासुद्धा पेन अडखळलं.

लग्न ठरलं तेव्हा मी एकच अट घातली होती, घरात बाटली येता कामा नये. वडिलांचं पिणं बघत मोठी झालेली मुलगी दुसरं काय मागणार? आणि समोर बसलेला नवरामुलगा चर्चगेटच्या मोठ्या हॉटेलातला बारमन! माझी आत्या तर चहा न पिताच उठत होती. हे हसून म्हणाले होते, "मी पाजतो, पीत नाही." निवृत्त होईपर्यंत आणि नंतरही तो शब्द पाळला. कामावरून यायचे तेव्हा बोटांना लिंबाचा वास असायचा, तोंडाला कधी कसलाच नाही.

तर आज बाटली आणली ती आमच्या मुलीने, श्रेयाने. नोकरीसाठी वेगळी राहते, येऊन-जाऊन असते. तिचा साखरपुडा जानेवारीत ठरलाय. सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये विधी आणि जेवण, संध्याकाळी घरी फक्त जवळची दहा-बारा माणसं. संध्याकाळी तिला पपांची फिझ हवी आहे. जिन, लिंबू, साखरेचा पाक, अंड्याचं पांढरं, वर सोडा, आणि ग्लासाच्या काठावर बोटभर फेस. ह्यांच्या हॉटेलात म्हणे लोक नाव घेऊन मागायचे, चंदूच्या हातची द्या. लहानपणी एकदा श्रेया हॉटेलात गेली होती तेव्हा ह्यांनी तिला जिन न घालता करून दिली होती. त्या फेसाची गोष्ट ती अजून सांगते.

ह्यांनी बाटलीकडे पाहिलं. मग स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. काठी घेतली आणि आत निघून गेले.

गणपतीत पक्षाघाताचा झटका आला तेव्हापासून तो हात अर्धाच ह्यांचा आहे. बोलणंही तसंच. शब्द येतात, पण अडकत अडकत. समोरच्याला कळलं नाही की हे मध्येच सोडून देतात. आता तर सगळ्यांशीच सोडून दिलंय. घराबाहेर नाही, लिफ्टपर्यंतसुद्धा नाही. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते, आयुष्यभर कानात माणसांचा आवाज. आता घरात फक्त फ्रिजचा आवाज येतो.

मी श्रेयावर भडकले. "बापाला काय वाटेल ह्याचा विचार केलास?"

"मग तू कर ना, आई."

"मी? जिन?"

"कसं करायचं ते मोबाइलवर पाठवते. फक्त पपांना विचारू नकोस हं. त्यांना त्रास नको."

एवढी शिकलेली मुलगी, पण घरात ह्यातलाच माणूस बसलाय आणि नेमकं त्यालाच विचारायचं नाही म्हणे. हल्लीच्या मुलांचं डोकं कसं चालतं देव जाणे.


२७ नोव्हेंबर, बुधवार

गौतम आला होता. ह्यांच्या व्यायामाला येतो तो फिजिओ. मुलगा गुणी आहे, पण आज मला बोलला.

"काकू, काकांना पाण्याचा ग्लास हातात देत जाऊ नका. टेबलावर ठेवा. घेतील ते."

"आणि सांडलं तर?"

"सांडू दे."

सांडू दे म्हणे! लादी पुसायला हा येणार आहे का? मी ह्यांची बटणं लावते, भात कालवून देते, चपला पायात सरकवते. बायको नाही करणार तर कोण करणार? त्याने दिलेला दाबायचा चेंडू खाटेखाली जाऊन पडलाय, तो काढायला हे तयार नाहीत. त्याबद्दल ह्यांना बोलायचं सोडून मला बोलतो.

जाताना तो आणि श्रेया लिफ्टपाशी खूप वेळ कुजबुजत होते. मी दार उघडलं तर दोघं गप्प. काय एवढं बोलायचं असतं कोण जाणे.


३० नोव्हेंबर, शनिवार

दुपारी हे झोपल्यावर पहिल्यांदा करून पाहिली. स्वतःच्या स्वयंपाकघरात चोरासारखी वावरत होते. स्टीलच्या डब्यात सगळं घातलं, बर्फ टाकला, झाकण दाबून हलवला. तिसऱ्याच झटक्याला झाकण सुटलं. कोपरापर्यंत ओघळ, ब्लाउजवर, गॅसवर, कॅलेंडरवरच्या दत्तावर. आधी दत्ताची क्षमा मागितली, मग कॅलेंडर पुसलं, मग वास मरायला उदबत्ती लावली.

चार वाजता हे बाहेर आले. उदबत्तीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, चहा प्यायले. वास आला नसावा. नशीब.


१ डिसेंबर, रविवार

आज सकाळी ओट्यावर तो चिमट्याचा डबा दिसला, रबराची कडी असलेला, घट्ट बसणारा. तो तर खालच्या कपाटात अगदी मागे होता, त्यात पापड होते. पापड ताटात कसेबसे ओतलेले, दोन-चार लादीवर पडून मोडलेले. भांडीवाली आज आलेली नाही. म्हणजे काल मीच काढून ठेवला असणार. विसरायला लागले हल्ली.

पण डबा कामाचा आहे. थेंब बाहेर येत नाही.


४ डिसेंबर

फेस येतो पण टिकत नाही. बालदीतलं साबणाचं पाणी थोड्या वेळाने बसतं तसा बसतो. ग्लास सिंकमध्ये ओतला. अन्न टाकू नये म्हणतात. आता जिनला अन्न म्हणायचं का?

पिवळ्या बलकांचं रोज ऑम्लेट. हे मुकाट्याने खातात.


८ डिसेंबर, रविवार

श्रेया आणि हितेंद्र जेवायला होते. हितेंद्र आमचा होणारा जावई, गिरगावात फणसवाडीला राहतो. मोकळा आहे, पण कोळंबीच्या कालवणावर फार बोलत नाही, फक्त वाढून घेतो. मला आवडला.

जेवता जेवता श्रेया मोठ्याने म्हणाली, "आई, जमली का गं फिझ?"

मी डोळे वटारले. तिचं लक्षच नाही.

"नाही ना जमत? जाऊ दे. लोअर परळला एक मुलगा आहे, पार्ट्यांना येतो. बाटल्या हवेत उडवतो, झेलतो. त्यालाच सांगू."

ह्यांचा घास हातातच राहिला. मी टेबलाखालून तिला लाथ मारली, ती हितेंद्रला लागली. बिचाऱ्याला ठसका लागला. बापासमोर असं बोलतात का? इतकी कशी आडमुठी झाली ही!

नंतर बराच वेळ हे बाल्कनीत बसून होते. "उडवतो," एवढंच एकदा म्हणाले. स्वतःशीच.


११ डिसेंबर, बुधवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

दुपारची वेळ. हे आत, दार अर्धं लोटलेलं. मी डब्यात जिन घातली, लिंबू पिळलं, पाक, अंड्याचं पांढरं. बर्फाचा ट्रे उचलला आणि आता ओतणार, एवढ्यात आतून आवाज आला.

"बर्फ नको!"

ट्रे हातातून सटकला. घरभर बर्फ.

"आधी सुकं! सुकं हलव गो!"

इतका मोठा, इतका सरळ आवाज सप्टेंबरनंतर ऐकला नव्हता. एकही शब्द अडकला नाही. वळून बघते तर हे दारात उभे, चौकट धरून. काठी आतच.

"तुम्ही झोपला नव्हतात?"

"तू… झोपू… देतेस?"

मग स्टुलावर बसले आणि समजावायला लागले. अडकत, थांबत, पण सोडून दिलं नाही. आधी बर्फाशिवाय हलवायचं. अंडं मोकळं होतं, फुलतं. बर्फ पहिल्यांदाच पडला तर ते आखडतं. फुललं की मग बर्फ, आणि पुन्हा हलवायचं, डबा बाहेरून गार लागेपर्यंत. मी हलवत होते, हे बघत होते.

"झालं?"

"अजून."

"हात दुखले हो."

"अजून."

चहाच्या गाळणीतून ग्लासात ओतलं. वरून सोडा सोडला, तोही ह्यांनी सांगितला तसा, धार बारीक, अगदी मधोमध. फेस काठाच्या वर आला आणि उभाच राहिला. पांढराशुभ्र, घट्ट. ह्यांनी वाकून नाक जवळ नेलं.

"लिंबू… कमी."

मी हसले, हेही हसले, तोंडाच्या एका बाजूने. मग मी सिंककडे तोंड करून उगाच नळ सोडून उभी राहिले.


१२ डिसेंबर, गुरुवार

श्रेयाला फोन करून सगळं सांगितलं. "अरे वा" म्हणाली, पण आवाज भरलेला. सर्दी झालीय वाटतं तिला. वाफ घ्यायला सांगितली.

"पण तुला म्हटलं होतं ना, पपांना विचारू नकोस," म्हणाली.

"मी कुठे विचारलं? तेच ओरडले!"

आणखी एक. काल मी चाखली. आयुष्यात पहिल्यांदा. फेस छान लागला, ओठांवर काहीच नसल्यासारखा. मग लिंबू आलं. मग मात्र घशात औषध. मी म्हटलं, "ह्यासाठी लोक रांग लावायचे?"

"फेस," हे म्हणाले. "लोक… फेसासाठी… येतात."


१८ डिसेंबर, बुधवार

आमचा वर्ग रोज भरतो. मास्तर कडक आहेत. काल पाक दाट झाला म्हणून पुन्हा करायला लावला. मी म्हटलं, हॉटेलात तुमच्या हाताखालची पोरं कशी टिकायची? म्हणाले, "रडायची." असं एक-एक शब्दात बोलतात, पण बोलतात.

लिंबू पिळण्याआधी ते तळहाताखाली दाबून ओट्यावर फिरवायचं, म्हणजे रस जास्त सुटतो. हे स्वतःच फिरवत बसतात. एक झालं की दुसरं. आज गौतम आला तेव्हाही तेच चाललं होतं, उजव्या हाताने. गौतम दारातच उभा राहिला, मग खिडकीपाशी जाऊन बाहेर बघत बसला.

मी विचारलं, "व्यायाम कधी सुरू करणार?"

"आज राहू दे, काकू."

पोरगा जरा आळशी होत चाललाय. श्रेयाच्या कानावर घालायला हवं.


२२ डिसेंबर, रविवार

भांडण.

आज हे म्हणाले, "मी ओततो." डबा उचलला, उजव्या हाताने, डावा खाली आधाराला. मनगट लुळं पडताना मला दिसलं. मी झटकन पुढे होऊन डबा धरला. तो मधल्यामध्ये कलंडला, ग्लास खाली, काचा सगळीकडे.

"मी… धरलं होतं," हे म्हणाले.

"पडत होतं!"

"तू धरलंस… म्हणून पडलं."

"माझ्यामुळे? हो का! दिवसभर कोणामुळे चाललंय सगळं?"

असं बोलायला नको होतं. हे आत गेले आणि दार लावून घेतलं. जेवायला आले नाहीत. मी ताट आत नेलं तर भिंतीकडे तोंड करून पडलेले.


२४ डिसेंबर

तीन वेळा हाक मारली तेव्हा "हं" आलं. पुन्हा तेच सुरू. फ्रिजचा आवाज.

इथे खरं लिहायला हरकत नाही. मी थकलेय. कधी कधी ह्यांचा राग येतो आणि मग त्या रागाची लाज वाटते. बाजारात कोणी "कसे आहेत?" विचारलं की "बरे आहेत" म्हणते आणि पुढे सटकते.

गणपतीत त्या सकाळी हे मोदकांसाठी नारळ खवत बसले होते. मी बाहेरच्या खोलीत फुलं निवडत होते. आत आले तेव्हा हे लादीवर होते, खोबरं सगळीकडे. हाक मारली असेल तर मला ऐकू आली नाही. दुसऱ्यांचे आवाज ऐकण्यात नोकरी गेली माझी, आणि हाच आवाज ऐकू आला नाही. तेव्हापासून ठरवलं, ह्यांच्यावरून नजर हटवायची नाही. त्याला माया म्हणा, पहारा म्हणा.


१ जानेवारी २०२५, बुधवार

नवीन वर्ष. गौतम आला, हे त्याच्याशीही बोलले नाहीत. जाताना मी त्याला दारात थांबवलं आणि ग्लासाचं सगळं सांगितलं. मला वाटलं, म्हणेल, काकू तुमचं बरोबर होतं.

तो म्हणाला, "काकू, तुमचे हात सतत त्यांच्या हातावर असले तर त्यांच्या हाताला काम काय उरलं?"

"आणि पडले बिडले तर?"

"पडतील. तेव्हा उचलू. पडायच्या आधीच उचलायचं नाही."

मी दार जरा जोरातच लावलं. पण नंतर दिवसभर तेच डोक्यात.


५ जानेवारी, रविवार

मीच गेले आत. म्हटलं, "चूक झाली माझी. उठा आता, पाक करून ठेवलाय." ह्यांनी काठी जवळ ओढली. मग उठले.

मी स्टुलावर बसले आणि दोन्ही हात मांड्यांखाली घालून दाबून ठेवले. खोटं नाही लिहीत, डोळे मिटून घ्यावेसे वाटत होते. ह्यांनी अंडं फोडलं, टरफल आत पडलं, चमच्याने काढत बसले. जिन मापाच्या बाहेर सांडली. डबा डाव्या हाताने वरून धरला, उजवा खाली लावला आणि हलवायला लागले. सावकाश. हॉटेलात कसे हलवत असतील कोण जाणे, मी तर कधी बघायलाच गेले नाही. त्या वेळी एकदा तरी जायला हवं होतं असं आज वाटलं.

ओतताना अर्धं टेबलावर गेलं. मी उठले नाही. अर्धं ग्लासात गेलं. फेस बेताचाच.

"बेकार," हे म्हणाले. पण चेहरा बघण्यासारखा होता.

मी लादी पुसायला घेतली तर म्हणतात, "मी पुसतो." म्हटलं, इतकंही नको.


१६ जानेवारी, गुरुवार

सुचित्राताईंचा फोन. हितेंद्रची आई. साखरपुडा तीन दिवसांवर आलाय आणि बाई सहज म्हणतात, "संध्याकाळी तुमच्याकडे फिझ आहे म्हणे! मला फार आवडते जिन. पण त्यात अंडं घालतात का हो? मी अंडं खात नाही."

अंडं चालत नाही, जिन चालते! माझ्या आत्याने हे ऐकलं असतं तर?

ह्यांना सांगितलं. अंड्याशिवाय फेस कसा येणार ह्यावर हे डोकं धरून बसलेत. "सरबत… दे त्यांना," म्हणतात. विहीणबाईंना पहिल्याच दिवशी सरबत? नाक कापायचं का?


१७ जानेवारी, शुक्रवार

सुचलं! मला सुचलं!

छोले शिजवले होते. कुकर उघडून चाळणीत ओतले, आणि खाली पातेल्यात जे पाणी पडलं त्यावर फेस. फुंकर मारली तरी हलेना. मी पातेलं तसंच उचलून ह्यांच्यासमोर नेलं. "हे घालून बघू या?"

ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी देवाच्या पंचामृतात रस्सा घालायला सांगतेय.

पण बघितलं. अंड्याच्या जागी छोल्यांचं पाणी, गार केलेलं. आधी सुकं हलवलं, मग बर्फ घालून. आळीपाळीने, थोडं ह्यांनी, थोडं मी. सोडा सोडला आणि फेस आला तो अंड्यापेक्षा पांढरा. ह्यांनी वास घेतला, पुन्हा घेतला. लिंबाखाली छोल्यांचा मागमूस नाही.

"कमल," म्हणाले. झटक्यानंतर माझं नाव आज पहिल्यांदा पूर्ण आलं. एरवी "गो"वरच भागवतात. "कमल, हे… आमच्याकडे… कोणाला सुचलं नव्हतं."

आज मला कोणी सोन्याचा हार दिला असता तरी एवढी फुगले नसते.


२० जानेवारी, सोमवार

काल पार पडलं सगळं. आज पाय वर करून लिहिते आहे.

सकाळी विधी छान झाला. श्रेया मोरपंखी साडीत. हे नवीन सदऱ्यात खुर्चीवर बसले होते. सगळं बरं चाललं होतं, पण कुशाबामामा आले. माझ्या आईचे चुलतभाऊ, कानाने कमी, म्हणून बोलतात ते हॉलभर. ह्यांच्या अगदी समोर उभं राहून मला विचारलं, "आता बोलता येतं का ह्याला?"

हे हसले नाहीत, रागावले नाहीत. फक्त आतून कडी लावून घेतल्यासारखे झाले. घरी आल्यावर खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. "तू… कर. मी… नाही."

संध्याकाळी माणसं आली. मी टेबलापाशी एकटी, डबा, लिंबं, बर्फ. श्रेयाने खोलीकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. मी पहिले चार ग्लास केले, बरे झाले. पाचव्याला दंड भरून आले. हितेंद्र म्हणाला, "काकू, मी हलवतो," आणि आधी बर्फच टाकला. सुचित्राताई रिकामा ग्लास धरून वाट बघत होत्या.

मी आत गेले. समजूत घालायला गेले होते. पण तोंडातून भलतंच निघालं. म्हटलं, "माझे हात भरून आलेत. आता माझ्याच्याने होत नाही. पुढचं तुम्ही बघा." आणि उत्तराला न थांबता बाहेर आले. हात धरून उठवलं नाही, चपला सरकवल्या नाहीत. बाहेर येऊन उभी राहिले आणि वाटलं, हे मी काय केलं?

उगाच लिंबं पुसत राहिले. मग काठीचा आवाज.

हे टेबलापाशी आले. काठी टेबलाला टेकवली. हितेंद्रच्या हातातून डबा घेतला, त्यातलं सगळं सिंकमध्ये ओतायला लावलं आणि छोल्यांचं पाणी घालून नव्याने सुरुवात केली. डावा हात वर, उजवा खाली. खोली शांत झाली. ती शांतता वाईट होती, सगळे ह्यांच्या हाताकडे बघत होते. तेवढ्यात हितेंद्र एकदम मोठ्याने त्याच्या ऑफिसातल्या मांजराची गोष्ट सांगायला लागला. ती गोष्ट काही खास नव्हती, पण सगळे तिकडे वळले. ह्या मुलाला मी कधी काही कमी पडू देणार नाही.

बर्फ पडला. डबा गार झाला. ह्यांनी सुचित्राताईंच्या ग्लासात ओतलं. थोडं टेबलक्लॉथवर गेलं. मी दोन्ही हात पदरात गुंडाळून उभी होते.

"पैठणीवर नाही ना? मग चालतंय," सुचित्राताई म्हणाल्या, आणि त्यांनी लांब घोट घेतला. ग्लास खाली आला तेव्हा ओठांवर फेसाची पांढरी मिशी. कोणी सांगेना. होणारी विहीण, कोण सांगणार?

हे पुढे वाकले. "विहीणबाई," म्हणाले. थांबले. सगळे थांबले. "मिशी."

त्या आधी दचकल्या, मग इतक्या हसल्या की ग्लास खाली ठेवावा लागला. "हे अंड्याशिवाय? खरंच? मग दुसरा द्या."

"तिची… आयडिया," हे माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. उजवं बोट.

त्यानंतर मागण्या थांबेनात. मी लिंबं पिळायची, ह्यांनी हलवायचं. शेवटी कुशाबामामा पुढे आले. "चंदू, मलापण एक दे रे."

ह्यांनी त्यांच्याकडे बघितलं आणि त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, एकही शब्द न अडकता म्हणाले, "तुम्हाला सरबत."

मग दिली त्यांनाही. मामांना विनोद कळला की नाही माहीत नाही, पण त्यांनी दोन घेतल्या.

सगळे गेल्यावर श्रेया ह्यांच्या गळ्यात पडून खूप रडली. सासरी जायचं म्हणून असेल. अजून तर लग्नाला वेळ आहे.


२ फेब्रुवारी, रविवार

आंघोळ करून बाहेर आले तर दार उघडं. हे घरात नाहीत. काठी नाही. चपला नाहीत.

ओल्या केसांनी तशीच खाली धावले. लिफ्टमध्ये काय काय मनात आलं ते लिहिणार नाही. वॉचमन म्हणाला, "साहेब बाजाराकडे गेले ना. एकटेच."

नाक्यावरच्या अंडीवाल्याच्या दुकानापाशी हे दिसले. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. रस्त्यालगत एक टेम्पो उभा होता, त्याच्या मागे उभी राहिले.

हे दुकानदाराशी बोलत होते. शब्द अडकला होता, मान हलत होती. मागे दोन बायका खोळंबल्या होत्या. दुकानदाराने घाई केली नाही, गल्ल्यावर कोपर टेकून थांबला. मग शब्द सुटला असावा, कारण त्याने अंडी मोजून पिशवीत घातली. काठी डाव्या हातात, म्हणजे पिशवी उजव्याच हातात घ्यायला लागणार. ह्यांनी हात पुढे केला. बोटं सावकाश, एकेक करून, पिशवीच्या बंदावर मिटली.

आणि चालायला लागले. पिशवी हेलकावे खात होती. मी मागून, लांबून. रस्ता ओलांडायच्या जागी माझा हात आपोआप वर उठला, तो मी दुसऱ्या हाताने धरून खाली आणला. हे थांबले, माणसं निघाली तशी त्यांच्याबरोबर निघाले, पलीकडे पोचले. लिफ्टला मी ह्यांना एकट्याला जाऊ दिलं. पुढच्या लिफ्टने वर आले.

हे खुर्चीत बसले होते, धापा टाकत.

"कुठे… होतीस?"

"खाली. भाजी बघायला."

"भाजी?"

"चांगली नव्हती."

पिशवीत दोन अंडी फुटली होती. त्यांचं ऑम्लेट केलं, कांदा, मिरची, भरपूर कोथिंबीर. अर्धं-अर्धं खाल्लं. खाता खाता ह्यांनी माझ्या केसांकडे पाहिलं, त्यातून अजून पाणी ठिबकत होतं. मग उठून टॉवेल आणून माझ्या मांडीवर टाकला आणि पुन्हा जेवायला बसले. काही विचारलं नाही. मी मागे मागे होते हे ह्यांना कळलं नसावं.